मुरमात संत्री लावणाऱ्या यमुनाकाकू

१९७४ साली वर्ध्यातल्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि बोरगाव मेघेला दोन खोल्यांचं घर भाड्यानं मिळालं. घर दाखवायला आलेले मालक शेजारच्या काटेरी कुंपणाकडे बोट करून म्हणाले, "शेजार चांगला आहे बाई. फक्त एक सांभाळजा. त्या काकूच्या झाडाले हात लावू नका. मानसाले काही म्हटलं तर ते ऐकून घेते, झाडाले म्हटलेलं नाई ऐकत."

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेले. पंचेचाळिशीची, काटक, सावळी बाई लुगड्याचा काष्टा घट्ट मारून एका झाडाखाली बसली होती आणि खुरपीनं खोडाभोवती मातीत गोल ओढत होती. एक गोल खोडाला लागून, दुसरा त्याच्या बाहेर हातभर अंतरावर.

"काय करताय काकू?" मी विचारलं.

"झाडाले बांगड्या भरून राह्यली," वर न बघता उत्तर आलं. मग त्यांनी बाहेरच्या गोलात बादलीभर पाणी सोडलं. आतला गोल कोरडाच राहिला. "पानी खोडाले लागलं का खोड सडते, डिंक येते. पानी मुळाले द्या लागते. लेकराच्या डोक्यावर दूध वतते का कोनी?"

या यमुनाबाई काळबांडे. त्यांचं माहेर कारंजा घाडगेकडचं, संत्र्याच्या मुलखातलं. त्यांचे यजमान नारायणराव वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होते. अतिशय मवाळ माणूस. त्यांनी स्वस्तात मिळाला म्हणून हा प्लॉट घेतला, आणि लग्नानंतर काही वर्षांनी यमुनाकाकू तिथे राहायला आल्या तेव्हा कळलं की तो स्वस्त का होता. वरच्या चार बोटं मातीखाली नुसता मुरूम. सब्बल, म्हणजे पहार, मारली तर ठिणगी उडायची. काकू मला सांगत, "मी पह्यल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी सब्बल घेतली."

एका उन्हाळ्यात एक खड्डा, असा त्यांचा हिशेब. कमरेइतका खोल खड्डा खणायचा, तो महिनाभर उन्हात तापू द्यायचा, मग नाल्याचा गाळ आणि शेणखत भरायचं. गाळ आणायला त्या ओळखीच्या शेतकऱ्याची बैलबंडी मागून घेत. आठ वर्षांत आठ झाडं. पहिलं संत्र्याचं, माहेराहून लुगड्यात गुंडाळून आणलेल्या रोपाचं. त्याच्या शेजारी लिंबू. मग डाळिंब, पेरू, सीताफळ, मोसंबी, आणि मागच्या बाजूला दोन पपया, ज्यांना त्या झाडात मोजत नसत. "पपई म्हनजे पाहुनी. आली, खाल्लं, गेली." तरी मोजताना आठच म्हणायच्या, हे मी कधी त्यांना दाखवून दिलं नाही.

पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय काकू कळणार नाहीत. गल्लीतला नळ सकाळी तासभर यायचा आणि वैशाखात विहिरीचा तळ दिसायचा. काकूंच्या घरात पाणी एकदा वापरून कधी वाया जात नसे. तांदूळ धुतलेलं पाणी डाळिंबाला, भांडी राखेनं घासलेलं पाणी सीताफळाला. आणि आंघोळीसाठी त्यांच्याकडे एक चपटी फरशी होती. ती रोज एका झाडापाशी सरकायची. नारायणराव सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात येत आणि विचारत, "आज कोनाचा नंबर?" "पेरूचा," काकू आतून सांगत. साबणाला बंदी. बेसन लावा नाहीतर नुसतं पाणी घ्या.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं आणि जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले. अमरावतीचे, कडक इस्त्रीचे. सकाळी ते न्हाणीघर शोधू लागले. काकू पदर सावरून म्हणाल्या, "जावईबापू, आज डाळिंबाचा दिवस होता. पन तुमचा मान हाय, तुमी संत्र्यापाशी बसा." जावई बिचारे चारी बाजूंनी लुगडी बांधून केलेल्या आडोशात, संत्र्याखाली बेसन लावून न्हाले. पुढे ते स्वतःच सासुरवाडीला आले की विचारायचे, "संत्र्याचाच नंबर ना माझा?"

छाटणी हे त्यांचं खरं काम. त्यांच्याकडे भावानं दिलेली एकच कात्री होती. तिचं पातं त्या दगडावर लावायच्या, तेलाच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि देवघराच्या शेजारच्या फळीवर ठेवायच्या. कात्री हातात घ्यायच्या आधी तीन दिवस त्या झाडाभोवती नुसत्या फिरत. कधी सकाळी, कधी उन्हं कलताना. सावली कुठे पडते ते बघत. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "तीन दिवस पाह्यचं आन तीन मिनिटं कापायचं. लोकं उलटं करतात, म्हून त्यायचे झाडं बोडके दिसतात." झाड दाट झालं की नाही हे ओळखायची त्यांची खूण मला फार आवडायची. फांदीवर बसलेली चिमणी सरळ उडून गेली तर ठीक. तिला वळसा घालून बाहेर पडावं लागलं तर कात्री काढायची वेळ झाली.

एका डिसेंबरात काकू भावाच्या आजारपणासाठी आठ दिवस माहेरी गेल्या. नारायणरावांना झाडांमधलं काही कळत नव्हतं. मी कुंपणातून पाहिलं तर संत्र्याची पानं मलूल झालेली, कडा वळलेल्या. मला राहवेना. मी रोज संध्याकाळी दोन बादल्या नेऊन ओतल्या, त्यांच्याच पद्धतीनं, बाहेरच्या गोलात. काकू परत येतील आणि शाबासकी देतील, या आनंदात होते.

काकू आल्या. झाडापुढे उभ्या राहिल्या. शेंड्यांना कोवळी पोपटी पालवी फुटली होती. त्यांनी एक पालवी बोटांत धरून पाहिली.

"मास्तरीणबाई, पानी तुमी देल्लं?"

मी अभिमानानं हो म्हटलं.

"तान देल्ला होता मी त्याले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थंडीत महिनाभर पानी तोडा लागते. झाड तहानलं, का मंग ते फुलाचं मनावर घेते. आता ते पानं काढत बसलं. या वर्षी फूल नाई येनार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागू लागले तसा त्यांनी माझा हात धरला. "तुमी जीव लावला, ते चुकलं नाई. पन पोरीच्या पेपरात तुमी उत्तरं लिहून देता का? त्याची परीक्षा होती, ते त्यालेच देऊ द्या लागत होती."

त्या वर्षी त्यांना एकही संत्रं मिळालं नाही. हे त्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र त्यानंतर वर्गात मुलींना उत्तरं सुचवायची सवय सोडली.

तीन वर्षांनी जे घडलं त्यामुळे काकूंना आमच्या वस्तीबाहेरचे लोकही ओळखू लागले.

आमच्या गल्लीच्या मागे दहा-बारा घरं होती. तिकडे जायला काकूंच्या कुंपणाला लागून एक चिंचोळी वाट. सायकल जेमतेम जायची. त्या घरांतली मंदा नावाची सून बाळंतपणाच्या कळांनी तळमळू लागली आणि ऑटोरिक्षा आत येईना. चार जणांनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. मंदा वाचली, बाळ वाचलं, पण थोडक्यात. दुसऱ्याच आठवड्यात वस्तीतले लोक जमले आणि रस्ता रुंद करायचं ठरलं. नकाशा काढला. मोजणी झाली. तेव्हा निघालं की नारायणरावांनी कुंपण घालताना पावलांनी मोजून घातलं होतं आणि ते आठ फूट वाटेत गेलं होतं. त्या आठ फुटांत लिंबू होतं आणि सगळ्यांत पहिलं लावलेलं ते संत्रं होतं.

वस्तीतले पाच-सहा जण काकूंच्या अंगणात आले. कोणी सुरुवात करायची हेच त्यांना कळेना. नारायणराव मान खाली घालून बसले होते. शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "यमुनाबाई, तुमच्या मनात नसंल तर आपुन मागच्या बाजूनं पाहू काही."

काकू म्हणाल्या, "मागच्या बाजूनं काऊन? रस्ता कागदावर जिथं हाय तिथंच होईल. मंदाले बाजेवर नेताना मी पाह्यलं आहे." मग थांबून म्हणाल्या, "मले मिरगापर्यंत वेळ द्या."

लोकांना वाटलं, शेवटची फळं घ्यायची असतील. ते आनंदानं हो म्हणून गेले. दिवाळी नुकतीच झाली होती. मिरगाला सात महिने होते.

लिंबू त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः तोडलं. मी म्हटलं, "काकू, दुसऱ्या कोणाकडून तरी..." "कायले? लावताना मीच होती," त्या म्हणाल्या. कुऱ्हाडीचे घाव त्यांनी सलग घातले, थांबल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्या जेवल्या नाहीत, असं नारायणरावांनी मला सांगितलं.

मग पौषात त्या सब्बल घेऊन संत्र्यापाशी बसल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हे मी हलवनार."

बारा वर्षांचं झाड! माझ्या दुप्पट उंच. मला वाटलं, लिंबाच्या दुःखानं त्यांचं काही बिनसलं. त्यांनी खोडापासून दोन हात अंतरावर अर्धवर्तुळ आखलं आणि त्या रेषेवर खोल चर खणला. मधे आलेली मुळं कात्रीनं स्वच्छ कापली. चरात पालापाचोळा आणि खत भरलं. "अर्धे मुळं कापले. आता ह्या बाजूनं नवे बारीक मुळं फुटतीन. मंग फागुनात दुसरी बाजू." हे कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "एकदम सगळे कापले तर मरंल, एवढं तर कोनालेही समजते. मंग अर्धे कापाव."

फाल्गुनात दुसरी बाजू कापली. वैशाखात झाडाच्या फांद्या इतक्या छाटल्या की बघवेना. खोड उन्हानं भाजू नये म्हणून चुना लावला, वर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, आडोसा उभा केला. मुळं तुटलेल्या झाडाला तग धरता यावा म्हणून मे महिन्यात पाण्याची वेळ एकदाही चुकवली नाही. नारायणरावांनी त्या दोन महिन्यांत एकदाही विचारलं नाही की आज कोणाचा नंबर. ते न सांगता संत्र्यापाशीच बसत.

मिरगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन गेले आणि एक ढगाळ दिवस निवडून काकूंनी कापसाच्या जिनिंगमधले आठ हमाल बोलावले. त्यांना ओळखीच्या एका दुकानदारानं पाठवलं होतं. काकूंचा युक्तिवाद साधा होता. "कापसाच्या गाठी उचलतात ते. ही पन गाठच हाय, फक्त मातीची."

झाडाखालची माती चारी बाजूंनी कोरली. मुळांचा तो मोठा गोळा बारदानात गुंडाळून सुतळीनं शिवला. काकू खड्ड्यात उतरून स्वतः दाभणानं टाके घालत होत्या. मग लाकडी बल्ल्या खाली सारल्या. सगळी वस्ती जमली होती. हमालांचा मुकादम हाळी देऊ लागला तशी काकूंनी हात वर केला.

"भाऊ, एक सांगते. गाठ फुटली तर कापूस पुन्हा भरता येते. हे नाई भरता येत. हळू घ्याजा."

आठ जणांनी झाड उचललं. तीस फूट न्यायचं होतं, नव्या खड्ड्यापर्यंत. मधे एकदा एका हमालाचा पाय चिखलात घसरला आणि गाठ कलली, बारदानातून माती गळू लागली. काकूंनी धावत जाऊन आपली छातीच खाली लावली. "यमुने!" नारायणराव ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. हमालांनी तोल सावरला. झाड खड्ड्यात बसलं. काकूंच्या लुगड्यावर पुढून सगळी माती होती आणि त्या हसत होत्या.

आठवड्याभरात झाडाची उरलेली पानं गळाली. सगळी. पंधरा दिवसांनी ते वाळलेल्या काटक्यांचा खराटा दिसू लागलं. लोक येत, बघत, चुकचुकत. "मेहनत वाया गेली बाप्पा." काकू रोज सकाळी एका फांदीची साल नखानं इवलीशी खरवडायच्या. "आतून हिरवं आहे," एवढंच म्हणायच्या. रोज वेगळी फांदी. मी मनात म्हणायचे, अशा किती फांद्या शिल्लक आहेत?

श्रावणात एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. "मास्तरीणबाई! इकडे या." शाळेची घाई होती, तरी मी गेले. खोडाच्या वरच्या बाजूला मोहरीएवढे हिरवे कोंब आले होते. दहा-बारा. मी टाळ्याच वाजवल्या. काकूंनी ते नीट पाहिले आणि अंगठ्यानं त्यातले निम्मे चोळून टाकले.

"अहो काकू!"

"सगळे ठेवले तर एकही दमदार होनार नाई. आता जगलं ना ते? मंग आता नेहमीसारखंच वागवाव लागंल."

पहिली फळं यायला तिसरा हंगाम उजाडला. फार नव्हती, पण काय फळं होती! त्या वर्षी वर्ध्याला फळांचं एक प्रदर्शन भरलं होतं. मी आणि नारायणरावांनी मागे लागून काकूंना पाच संत्री घेऊन तिथे नेलं. टेबलांवर मोठमोठ्या बागायतदारांच्या टोपल्या होत्या. परीक्षक साहेबांनी काकूंच्या वेताच्या पाटीसमोर थांबून विचारलं, "किती एकर बाग आहे?"

"बाग नाई साहेब, परस आहे."

"किती झाडं?"

"संत्र्याचं एक."

आजूबाजूचे हसले. साहेबही हसले. "म्हणजे एका झाडातून निवडून आणलीत?"

"ज्याच्याजवळ हजार झाडं आहेत त्यानं निवडाव. माह्या झाडाले निवडायची सवड नाई, त्याले सगळे चांगलेच द्या लागतात."

साहेबांनी एक फळ कापलं, चाखलं आणि मग काकूंना पाणी किती दिलं, ताण कधी तोडला, असे प्रश्न विचारत तिथेच उभे राहिले. संध्याकाळी निकाल लागला. घरगुती गटात दुसरा क्रमांक. माईकवरून नाव पुकारलं, "श्री. नारायणराव काळबांडे!"

काकू खुर्चीवरून हलल्या नाहीत. नारायणरावही. नाव पुन्हा पुकारलं. मग नारायणराव उभे राहिले, आणि मला वाटलं ते बक्षीस घ्यायला निघाले. पण ते जागेवरूनच बोलले. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"साहेब, झाड मी लावलं नाई. मले तर कात्री धरता येत नाई. कुंपन मी घातलं होतं, ते पन चुकलं. यमुना काळबांडे म्हना."

मांडवात हशा पिकला, पण तो चांगल्या मनाचा होता. माईकवाल्यानं चूक सुधारली. "सौ. यमुना काळबांडे." काकू उठल्या, पदर नीट केला आणि सरळ चालत गेल्या. प्रशस्तिपत्रक घेताना त्यांची मान किंचितही वाकली नव्हती. परत येऊन त्या मला म्हणाल्या, "पह्यला नंबर मी पाहून आली. त्याची साल माह्याहून पातळ आहे. बरोबर देल्ला त्यायनं." आणि मग नवऱ्याकडे बघून, "तुमाले काय गरज होती बोलायची?" पण हे म्हणताना त्या असं काही हसल्या की नारायणराव पार लाजून गेले.

त्यानंतर बाया येऊ लागल्या. कोणाच्या लिंबाला फळ धरत नव्हतं, कोणाच्या डाळिंबाला भेगा पडत होत्या. काकू कोणाच्या घरी जाऊन झाड बघितल्याशिवाय सल्ला देत नसत. पायी जात.

१९८३ साली माझी बदली झाली आणि मी बोरगाव सोडलं. पत्रं येत-जात, मग कमी झाली. तीन वर्षांनी शाळेच्या कामासाठी मी वर्ध्याला आले होते. फेब्रुवारीची दुपार. एसटी स्टँडवर कारंज्याच्या गाडीपाशी कोणीतरी कंडक्टरशी वाद घालत होतं. आवाज ओळखीचा. यमुनाकाकू! केस पांढरे झालेले, पण काष्टा तसाच. कडेवर मूल घ्यावं तसं ओल्या बारदानात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं.

"टपावर नाई ठेवनार मी," त्या कंडक्टरला सांगत होत्या. "उन्हानं मरतीन ते."

मी हाक मारली. त्यांचा चेहरा उजळला. गाठोड्यात संत्र्याच्या कोवळ्या काड्या होत्या, डोळे भरायला. म्हणजे जंबेरीच्या, एका रानलिंबाच्या, रोपाच्या सालीत संत्र्याचा डोळा बसवून बांधायचा, मग त्याचं संत्र्याचं झाड होतं.

"माहेरी चालल्या काय?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"माहेरी नाई. कामाले," त्या म्हणाल्या. "तिकडं पन्हेरीत, रोपं करतात तिथं, सगळे गडीमानसंच डोळे बांधतात. बायाच्या हाती चाकू देत नाईत, म्हनतात हात कापते. आता तिथल्याच पंधरा बाया शिकाले बसल्या आहेत. मले बोलावलं."

"तुम्हाला कोणी शिकवलं होतं?"

"कोन शिकवनार? जंबेरीचे पंचवीस रोपं वाया घातले मी. सव्विसावं लागलं. मंग कधी नाई चुकलं."

कंडक्टरनं घंटी दिली. त्यानं हार मानली होती; गाठोडं आत, काकूंजवळच राहणार होतं. काकू चढल्या, खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून हात हलवला. गाडी वळली तसं तिरपं ऊन नेमकं त्यांच्या खिडकीत आलं. काकूंनी पदर सोडवून गाठोड्यावर दोन्ही हातांनी ताणून धरला. ऊन त्यांच्या तोंडावर होतं, डोळे मिचकावत त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. हलवायला एकही हात मोकळा नव्हता.